बोनेटवरचा हात

हेड गॅस्केट गेलंय की नाही, हे सांगायला लवू धुरीला इंजिन उघडावं लागत नसे. मालाड पश्चिमेला, खारोडीच्या गावठाणाकडे रस्ता वळतो तिथे त्याचं गॅरेज. गॅरेज म्हणायचं आपलं. पत्र्याची शेड, समोर दोन गाड्या कशाबशा उभ्या राहतील एवढी जागा आणि आत एक लोखंडी कपाट. पाटी नाही. पाटी कशाला हवी? अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतचे टुरिस्ट गाड्यावाले विचारत विचारत यायचे, "गॅस्केटवाला लवू कुठे बसतो रे?" हाच त्याचा मान, आणि दुसरा कुठला मान बिचाऱ्याच्या वाट्याला आलाही नाही. बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर कुडाळकडच्या गावी गेला तो परत आलाच नाही. लवूने आठवीत शाळा सोडून पाना हातात घेतला. लग्न करायचं राहून गेलं. साठी जवळ आली तेव्हा त्याच्याकडे स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, की लवू बोलला म्हणजे बोलला.

गिऱ्हाइकाला तो समजावूनही सांगायचा, आणि सांगताना जरा चढायचाच. "इंजिनाचे दोन भाग. खाली ब्लॉक, वर हेड. मधे हे गॅस्केट, पापडापेक्षा थोडं जाड. आत आग पेटते, बाजूने पाणी फिरतं, तिसऱ्या वाटेने तेल. तिघं शेजारी, पण एकाने दुसऱ्याच्या घरात शिरायचं नाही. ते शिरू न देणं, एवढंच याचं काम. हे जळलं की पाणी आगीत जातं, तेलात जातं, आणि मग तुझी वाट लागली समज."

ओळखायचं कसं, तेही तो लपवायचा नाही. गाडीखाली एक थेंब सांडलेला नाही, तरी रेडिएटरमधलं पाणी रोज कमी होतंय, तर ते इंजिन पितंय. सकाळी चालू केल्यावर धूर पांढरा येतो तो येऊ द्या, थोडा सगळ्याच गाड्यांना येतो. पण गाडी तापल्यावरही तो थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर बघायला हवं. तेलाचं झाकण उघडलं आणि आत दुधाच्या चहासारखं काही चिकटलेलं दिसलं, तर मग विचारायलाच नको. रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू केलं आणि आतून बुडबुडे यायला लागले, की लवू हात पुसायचा आणि म्हणायचा, "हेड उतरवायला लागेल." पुढे चर्चा नाही.

आणि नसेल गेलं, तर तेही तेवढंच ठासून सांगायचा, हे विसरू नका. बोरिवलीच्या क्षमा दामले म्हणून एक शिक्षिका आहेत. त्यांना एका चकचकीत वर्कशॉपात सांगितलं होतं, इंजिन उघडावं लागेल, गॅस्केट गेलंय. बाई रडवेल्या होऊन लवूकडे आल्या. लवूने गाडी ठेवून घेतली, दुसऱ्या दिवशी सकाळी बघितली, आणि रेडिएटरचं झाकण तेवढं बदलून दिलं. रबर कडक झालं होतं त्याचं. बाईंनी नंतर अर्ध्या शाळेच्या गाड्या त्याच्याकडे पाठवल्या. असं होतं त्याचं नाव.

त्याचा एक नियम होता. जुनी गाडी विकत घ्यायच्या आधी कोणी दाखवायला आणली, तर तो इंजिनाला हात लावायच्या आधी बोनेटवर तळवा ठेवायचा. बोनेट गरम लागलं, तर किल्ली मागून घ्यायचा. "आज राहू दे इथे. उद्या सकाळी थंड असताना बघतो." कारण तापलेली गाडी खोटं बोलते. रात्रभर उभी राहिल्यावर पाणी किती उतरलं ते कळत नाही, रेडिएटरचं झाकण उघडता येत नाही, उघडलं तर तोंड भाजतं. ज्याला गॅस्केट लपवायचंय, तो गाडी तापवूनच आणतो. हे वाक्य लवूने शंभर जणांना तरी ऐकवलं असेल. दलालांना, वकिलांना, एकदा एका पोलिसालाही. कोणाची पर्वा केली नाही.

केली ती एकदाच, आणि ती फ्रेडीची.

फ्रेडी मिस्किटा गावठाणातला, गॅरेजपासून दोन गल्ल्या सोडून त्याचं आणि त्याच्या बायकोचं, इनेझचं, बैठं घर. तीस वर्षं पिवळ्या पाटीची टुरिस्ट गाडी चालवली, बहुतेक विमानतळाच्या फेऱ्या. एकामागून एक तीन गाड्या केल्या, तिन्ही लवूच्या हाताखालून गेल्या. संध्याकाळी दोघं शेडसमोर स्टुलावर बसायचे, एकाच वर्तमानपत्राची अर्धी अर्धी पानं वाचायचे आणि एकमेकांना शिव्या घालायचे. मैत्री अशीच असते, तिच्यात वेगळं काही नाही. पण लवूची आई गेली ती गोष्ट वेगळी. तेरा वर्षं झाली. गावाहून फोन आला की म्हातारी आजचा दिवस काढत नाही. फ्रेडीच्या घरी त्या दिवशी नाताळचं जेवण मांडलेलं. तो ताटावरून उठला, हात धुतला आणि गाडी काढली. कशेडी घाटात रेडिएटरला बारीक भोक पडलं, पाणी गळायला लागलं, रात्र झालेली, सगळी दुकानं बंद. तेव्हा लवूने रस्त्याकडेच्या एका घरातून मूठभर हळद मागून आणली आणि रेडिएटरमध्ये ओतली. हळद फुगते, भोकात जाऊन बसते, चार-दोन दिवस पाणी धरते. फ्रेडी बघतच राहिला. "ही कुठली रे विद्या?" म्हणाला. "विद्या नाय, फसवणूक आहे," लवू म्हणाला होता, "पण आज चालेल." घरी पोचले तेव्हा आईचे डोळे उघडे होते. तिने लवूला ओळखलं. तासाभराने गेली.

ते ऋण म्हणा, उपकार म्हणा, लवूने कधी बोलून दाखवलं नाही आणि फ्रेडीनेही नाही. पण ते होतंच. भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात. म्हणतात सगळे, मोडत कोणी नाही.

मागच्या वर्षी फ्रेडीच्या गुडघ्यांनी साथ सोडली. गाडी विकायची म्हणाला. इकडे लवूच्या बहिणीचा, सुगंधाचा मुलगा सर्वेश अशीच गाडी शोधत होता. सुगंधा विधवा. तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत आयाचं काम केलं आणि निवृत्त झाली. सर्वेश कुरियर कंपनीत होता, तिथून काढलं त्याला. आता ॲपवर टुरिस्ट चालवायची म्हणून आईच्या निवृत्तीची जी काय पुंजी मिळाली होती, ती सगळी या गाडीत घालायची ठरली. घरात दुसरं काही नव्हतं. सुगंधाने एकच अट घातली, दादाने बघून हो म्हटलं तरच.

गाडी दाखवायचं ठरलं त्या दिवशी सकाळी दहाला फ्रेडी आला. सर्वेश आधीच येऊन उभा होता, नवीन शर्ट घालून, जसा काही मुलगी बघायला आलाय. लवू सवयीने पुढे झाला आणि बोनेटवर तळवा ठेवला.

बोनेट तापलेलं होतं.

दोन गल्ल्यांवरून आलेली गाडी. चालत आला असता तर पाच मिनिटं लागली असती फ्रेडीला. लवूने वर बघितलं. फ्रेडी त्याच्याकडेच बघत होता. "सकाळी मार्व्हेला जाऊन आलो रे," फ्रेडी म्हणाला, "इनेझला मासळी पाहिजे होती." लवूने तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल मधासारखं कोरं. तेल बदल म्हणून फ्रेडीच्या मागे सहा-सहा महिने लागायला लागायचं, आणि विकायच्या गाडीत नवं तेल. आता विकताना माणूस गाडी जरा नीटनेटकी करतोच, लवूने स्वतःला सांगितलं. मासळी आणायला जातोच की माणूस. शुक्रवार होता, कॅथलिक माणूस, शुक्रवारी मटण खात नाही, मासळी आणणारच. अशी कारणं शोधायला लागला म्हणजे माणसाला आतून सगळं कळलेलं असतं, हे या बाबाला कोणी सांगायचं?

एक वाक्य बोलायचं होतं. गाडी आज राहू दे इथे. बस्स. शंभर जणांना बोललेलं वाक्य. पण ते वाक्य म्हणजे काय, हे फ्रेडीला ठाऊक होतं. तीस वर्षं बाजूच्या स्टुलावर बसून त्याने ते ऐकलं होतं, वर हसलाही होता. ते वाक्य बोलणं म्हणजे भाच्यासमोर फ्रेडीला चोर म्हणणं. जो माणूस भरल्या ताटावरून उठला, त्याला. लवूच्या ओठांवर आलं आणि तिथेच बसलं.

"कशी आहे मामा?" सर्वेशने विचारलं.

"बरी आहे गाडी," लवू म्हणाला.

तीन शब्द. त्यांच्यावर सुगंधाची तीस वर्षं गेली.

पुढचे तीन आठवडे लवूने कसे काढले, ते त्यालाच ठाऊक. सर्वेश खूश होता. सकाळी सहाला बाहेर पडायचा, मुलुंड, घाटकोपर, विमानतळ, परत अंधेरी. लवूला रोज वाटायचं, पोराला फोन करून सांगावं, सकाळी निघायच्या आधी पाणी बघत जा, काटा वर चढला की गाडी बाजूला घे, तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नको. एवढंच सांगितलं असतं तरी अर्धं वाचलं असतं. पण सांगितलं की तो विचारणार, का? मग काय सांगायचं? एकदा न राहवून विचारलं त्याने, "पाणी बघतोस ना रे?" सर्वेश हसला. "मामा, तूच बघून दिलीयस ना गाडी? मग मी काय बघू?" लवूने विषय बदलला. एकदा गप्प बसलेल्या माणसाला पुढेही गप्पच बसावं लागतं, हा त्यातला खरा ताप.

तेविसाव्या दिवशी सर्वेशची गाडी घाटकोपरजवळ पूर्व द्रुतगती मार्गावर तापली. मागे प्रवासी, त्याचं विमान चुकणार म्हणून तो ओरडत होता. सर्वेशने एसी बंद केला आणि तशीच दामटली. पुलाखाली इंजिनाने आचका दिला. पोराने घाबरून बोनेट उघडलं, फडक्याने झाकण काढलं, आत पाणी उरलंच नव्हतं, आणि प्रवाशाची थंडगार बाटली आत ओतली. बिचाऱ्याला वाटलं, तापलंय तर गार करावं. आतून टण्णकन आवाज आला. गाडी ओढून आणायला लागली.

लवूने हेड उतरवलं. बोल्ट सैल करतानाच त्याच्या हातांना कळलं होतं. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमधली गॅस्केटची पट्टी जळून गेली होती, आणि कड काळी पडली होती. ती काही तेवीस दिवसांत झालेली नव्हे. दोन-तीन महिन्यांपूर्वीच जळलेली जागा होती. त्याने हेडवर पोलादी पट्टी आडवी धरली तर मधून उजेड दिसला. हेड वाकलेलं, आणि दोन व्हॉल्व्हच्या मधे केसासारखी चीर. पाण्याच्या वाटांमध्ये पिवळी माती बसली होती. नखाने खरवडून नाकाशी नेली. हळद.

"ते पिवळं काय आहे मामा?" सर्वेश मागे येऊन उभा होता.

"गंज," लवू म्हणाला आणि फडक्याने पुसून टाकलं. का पुसलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. फ्रेडीसाठी पुसलं की स्वतःसाठी?

इंजिन गेलं होतं. सर्वेशने ऐकून घेतलं, मान हलवली आणि रिक्षा पकडून घरी गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

लवू तसाच, तेलकट हातांनी फ्रेडीच्या घरी गेला. फ्रेडी ओट्यावर पाय लांब करून बसला होता, गुडघ्यांना कसलंसं मलम लावून. लवू उभाच राहिला.

"हळद घातलीस तू," लवू म्हणाला.

फ्रेडीने नाही म्हटलं नाही. मलमाची बाटली बंद केली, बाजूला ठेवली. "घातली."

"माझ्या भाच्याला. माझ्याच गॅरेजमध्ये आणून. लाज नाय वाटली तुला?"

"वाटली ना. म्हणून तर तुझ्याकडे बघत उभा होतो." फ्रेडीचा आवाज चढला नाही. "तू बोनेटवर हात ठेवलास. मी म्हटलं, आता बोलेल हा, ठेव गाडी म्हणून. बोलला असतास तर आईशप्पथ किल्ली खाली ठेवून गेलो असतो. मला विकायचीच नव्हती तशी. पण तू हात ठेवलास, माझ्याकडे बघितलंस, आणि बरी आहे म्हणालास. मला वाटलं, याला कळलंय. घरातलीच गाडी आहे, सवडीने हेड उतरवून गॅस्केट टाकून देईल. तू का नाही टाकलंस?"

"मी बोललो नाही ते तुझ्यासाठी."

"मी सांगितलं होतं तुला?" फ्रेडीने विचारलं. "तुझी बहीण, तुझा भाचा, तुझी जीभ. मी खोटं केलं ते केलं, मी नरकात जाईन त्यासाठी. पण तुझ्या वाटणीचं माझ्या अंगावर टाकू नको, लवू."

चोराने चोरी कबूल केली आणि वर राखणदाराला जाब विचारला, आणि राखणदाराची मान खाली. इतक्यात इनेझ आतून आली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. "लवू, किती दिवसांनी आलास, बस ना," म्हणत तिने चहाचा कप पुढे केला. आणि लवूने तो घेतला. उभ्यानेच प्यायला. नको म्हणवलं नाही त्याला. असल्या माणसाला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

तिथून तो चालत मालाड पूर्वेला, कुरारला सुगंधाच्या घरी निघाला. चांगला तासभर लागला. वाटेत त्याने ठरवलं की खरं सांगायचं. मला कळलं होतं, मी बोललो नाही. सुगंधा शिव्या घालेल, उंबरा चढू देणार नाही, घालू देत. निदान एकदा तरी मोकळं होऊ. भुयारी मार्गातून बाहेर पडेपर्यंत त्याने ते वाक्य चार वेळा मनातल्या मनात म्हणून बघितलं.

सुगंधा भात टाकत होती. सर्वेश भिंतीकडे तोंड करून आडवा झाला होता. सुगंधाने गॅस बारीक केला आणि समोर येऊन बसली. रडली नव्हती. तिचे डोळे कोरडे होते, आणि तेच जास्त वाईट दिसत होतं.

"दादा," ती म्हणाली, "एकच विचारतंय. खरा सांग. तुका कळला होता?"

ती हात जोडून बसलेली नव्हती. तरी तिच्या तोंडावर जे होतं, ते लवूला कळलं. तिला "नाही" हाच शब्द ऐकायचा होता. गाडी गेली, पैसे गेले, ते ती सोसणार होती. भाऊ गेला हे तिला सोसवणार नव्हतं. आणि लवूला हेही कळलं की हो म्हटलं तर ती दुसरा प्रश्न विचारणार, मग बोललास का नाहीस? त्याचं उत्तर एका परक्या माणसाच्या ताटात होतं, तेरा वर्षांपूर्वीच्या. बहिणीपेक्षा मित्राची भीड मोठी होती, हे तिच्या तोंडावर सांगायचं?

"नाय गो," तो म्हणाला. "माका नाय कळला."

सुगंधाने श्वास सोडला. भिंतीकडे तोंड केलेला सर्वेश न वळताच म्हणाला, "जाऊ दे ना आई. मामाचं वय झालं आता."

एवढ्या पटकन ते विश्वास ठेवतील, असं लवूला वाटलं नव्हतं. निदान एकाने तरी म्हणायला हवं होतं, काय सांगतोस, गॅस्केट आणि तुला कळलं नाही? कोणी म्हटलं नाही. सुगंधाने त्याला जेवायला वाढलं. दोन वेळा भात घेतला त्याने.

बातमी फिरायला वेळ लागला नाही. सर्वेशने कुणाकुणाला सांगितलं असेल, त्यात त्याचा काय दोष? टुरिस्टवाले कमी झाले. आले ते म्हणायचे, "लवू, बघून ठेव तू, पण मी एकदा दुसरीकडेही दाखवून घेतो." क्षमाबाईंनी फोन करून तब्येतीची चौकशी केली आणि गाडीचं नाव काढलं नाही. फ्रेडीही यायचा बंद झाला. तो गावठाणात कोणाला काही बोलला नाही, हे मात्र खरं. एका वाक्याने लवूचं नाव परत मिळवून देता आलं असतं त्याला, फक्त स्वतःचं घालवून. त्याने ते केलं नाही, आणि लवूनेही त्याला सांगितलं नाही.

सुगंधाला मात्र चैन पडेना. दादाची काळजी वाटायला लागली तिला. त्याची नजर कमी झाली असेल, म्हणून महिन्याभराने तिने डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावला आणि स्वतः त्याला घेऊन गेली. नको म्हणाला असता, पण ते जमलं असतं तर एवढं सगळं झालंच कशाला असतं? डॉक्टरीण तरुण होती, आवाजाने मऊ. तिने त्याला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि समोरच्या उजळलेल्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. सुगंधा बाजूला पर्स पोटाशी धरून उभी होती.

लवूने वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. मग त्याचं लक्ष बहिणीकडे गेलं. प्रत्येक ओळ बरोबर आली तसं सुगंधाचं तोंड उतरत चाललं होतं. भुवया जवळ यायला लागल्या होत्या. डोळे धड आहेत, तर मग?

"ही खालची वाचा," डॉक्टरीण म्हणाली.

न, प, र, ग, ल. सगळ्यात बारीक ओळ होती. त्याला स्वच्छ दिसत होती, पाटीच्या काचेवरचा ओरखडासुद्धा दिसत होता.

"नाही दिसत," लवू म्हणाला.

"आणि तिच्या वरची?"

"तीही नाही."

सुगंधा पुढे झाली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.